स्थपती सिनान आणि हजार वर्षांचा घुमट

मोठ्या वास्तूंच्या बाबतीत इतिहासाचा एक विचित्र पक्षपात दिसून येतो. बांधवून घेणाऱ्याचे नाव शिलालेखात कोरले जाते आणि बांधणाऱ्याचे नाव काळाच्या ओघात पुसले जाते. वेरूळचे कैलास लेणे कोणत्या राजवटीत कोरले गेले हे आपण सांगू शकतो. परंतु ज्याच्या मनश्चक्षूंसमोर ते प्रथम उभे राहिले त्या स्थपतीविषयी खात्रीने काही सांगता येत नाही. सोळाव्या शतकातील उस्मानी साम्राज्याचा मुख्य स्थपती सिनान हा या नियमाला ठळक अपवाद होय. 'मिमार सिनान' या नावाने तो जगाला परिचित आहे. 'मिमार' म्हणजे स्थपती. आपल्या नित्याच्या बोलण्यातील 'इमारत' हा शब्दही त्याच अरबी धातूपासून निघालेला आहे.

सुलेमान, दुसरा सेलीम आणि तिसरा मुराद अशा तीन सुलतानांच्या पदरी सिनानने जवळजवळ पन्नास वर्षे सेवा केली. मशिदी, मदरसे, रुग्णालये, अन्नछत्रे, हमामखाने, सराया, पूल आणि जलसेतू मिळून सुमारे पावणेपाचशे वास्तू त्याच्या नावावर नोंदलेल्या आहेत. अर्थात प्रत्येक ठिकाणी तो स्वतः उभा होता असे मानण्याचे कारण नाही. राजदरबारच्या स्थपतींचे एक सुसज्ज खातेच त्याच्या हाताखाली होते, आणि दूरच्या प्रांतांतील कामे त्याच्या आराखड्यांवरून त्याचे साहाय्यक पार पाडीत.

या साऱ्या कामांची जंत्री देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. सिनानच्या दीर्घ आयुष्यातून एक सूत्र सातत्याने वाहताना दिसते, त्याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. तो ज्या शहरात राहत होता तेथे त्याच्या आधी हजार वर्षांपूर्वी बांधलेली एक वास्तू उभी होती. तिला मागे टाकावे ही ईर्षा त्याने आयुष्यभर बाळगली. आणि ती वास्तू खचू लागली तेव्हा तिला आधार देण्यासाठी पुढे आलेला स्थपतीही तोच होता.

आउर्नासचा मुलगा

सिनानचा जन्म इसवी सन १४९० च्या सुमारास अनातोलियातील कायसेरीजवळच्या आउर्नास या गावी एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. हे कुटुंब ग्रीक होते की आर्मेनियन, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्या काळी उस्मानी राज्यात 'देवशिर्मे' नावाची प्रथा होती. ख्रिस्ती प्रजेतील निवडक मुले राज्यासाठी उचलून नेली जात, त्यांना इस्लामची दीक्षा देऊन शिक्षण दिले जाई आणि पुढे त्यांतूनच सुलतानाचे जानिसारी शिपाई, अधिकारी आणि प्रसंगी वजीरही निर्माण होत. आईबापांपासून मूल तोडणारी ही प्रथा निष्ठुर होती, यात शंका नाही. त्याच प्रथेने शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलांना साम्राज्याच्या सर्वोच्च पदांपर्यंतही पोचवले. पहिल्या सेलीमच्या कारकिर्दीत, १५१२ च्या सुमारास, सिनान या मार्गाने इस्तंबूलला आला आणि सुतारकाम शिकला.

लष्कर ही त्याची खरी पाठशाळा ठरली. १५२१ ची बेलग्रेडची मोहीम, १५२२ चा ऱ्होड्सचा वेढा, १५२६ ची मोहाचची लढाई आणि पुढे बगदादची स्वारी या सर्वांत तो होता. ज्या वर्षी पानिपतावर बाबराने इब्राहिम लोदीचा पराभव केला, त्याच वर्षी हंगेरीच्या मैदानावर हा पस्तिशीतील सैनिक सुलेमानच्या सैन्यात लढत होता. या मोहिमांत त्याला अनेक देशांच्या वास्तू पाहावयास मिळाल्या. किल्ले कसे बांधले जातात आणि ते कोठे कच्चे असतात, हेही त्याने जवळून पाहिले. व्हान सरोवरावर त्याने तोफा बसवलेली जहाजे तयार करून दिली. १५३८ च्या मोल्दाव्हियाच्या स्वारीत प्रुत नदीच्या दलदलीच्या काठावर पूल टिकेना, तेव्हा दोन आठवड्यांच्या आत पूल उभारून त्याने सैन्य पार केले. लौकरच, १५३९ च्या सुमारास, मुख्य स्थपतीचे पद त्याच्याकडे आले. त्या वेळी त्याचे वय पन्नाशीच्या आसपास होते. आज ज्या वास्तूंसाठी आपण त्याचे नाव घेतो त्या सर्व त्यानंतरच्या आहेत.

आयासोफियाचे कोडे

सिनानपुढील आव्हान समजण्यासाठी घुमटाची मूळ अडचण ध्यानात घेतली पाहिजे. खालची खोली चौरस आणि वरचा घुमट गोल. हे दोन आकार जोडावयाचे कसे, हा पहिला प्रश्न. घुमटाचे वजन केवळ खाली दाबत नाही. ते भिंतींना बाहेरच्या बाजूस ढकलते. हा रेटा थोपवावयाचा कसा, हा दुसरा प्रश्न. महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या सीमाभागातील वाचकांना विजापूरचा गोलघुमट परिचित आहे. सिनानच्या मृत्यूनंतर सुमारे सात दशकांनी, १६५६ मध्ये, पूर्णत्वास गेलेल्या त्या समाधीत एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौरसाचे वर्तुळ साधले आहे, आणि रेटा पेलण्यासाठी प्रचंड जाडीच्या भिंती योजल्या आहेत. त्याचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे सिनानच्या कोणत्याही घुमटाहून मोठा आहे. परंतु तेथे भिंतीच सर्व भार वाहतात, म्हणून त्या भरीव ठेवाव्या लागतात. हजारो माणसांनी एकत्र बसून एकमेकांना पाहावे आणि चहूंकडून उजेड यावा, अशी वास्तू हवी असेल तर हा उपाय पुरत नाही.

इस्तंबूलमध्ये हा प्रश्न एकदा सोडवला गेला होता. बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून अँथेमियस आणि इसिडोर या दोघा विद्वानांनी ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत 'हागिया सोफिया' हे प्रार्थनामंदिर बांधले. चार महाकाय खांबांवर चार कमानी, कमानींच्या मधल्या कोपऱ्यांतून आत वळत वर गेलेले चार त्रिकोण, त्यांवर सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट, आणि पूर्व-पश्चिम बाजूंना रेटा झेलणारे दोन अर्धघुमट, अशी त्याची रचना आहे. ते धाडस निर्धोक नव्हते. पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला आणि अधिक उंच करून पुन्हा बांधावा लागला. पुढे ९८९ आणि १३४६ मध्येही त्याचे भाग ढासळले. १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर दुसऱ्या मेहमेदाने त्याची मशीद केली आणि 'आयासोफिया' हे नाव रूढ झाले. जिंकणाऱ्यांनी ही वास्तू पाडली नाही, तिचा आदर केला. पण तिच्या तोलाचा घुमट आपल्याला बांधता येत नाही, ही बोच राहिलीच.

शेहजादेपासून सुलेमानियेपर्यंत

१५४३ मध्ये सुलेमानचा लाडका पुत्र मेहमेद ऐन तारुण्यात मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ सिनानने बांधलेली शेहजादे मशीद १५४८ मध्ये पूर्ण झाली. आयासोफियाला दोन अर्धघुमट आहेत; सिनानने चारही बाजूंना चार दिले. भूमितीच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष होते. मध्यघुमट सुमारे १९ मीटरचा, आणि भोवती सर्व बाजूंना सारखा उतार. तरीही सिनानचे समाधान झाले नाही असे दिसते. कारण इतक्या मोठ्या प्रमाणावर ही रचना त्याने पुढे कधीच जशीच्या तशी वापरली नाही. गंमत अशी की त्याच्या शिष्यांना मात्र तीच भावली. त्याच्या परंपरेत तयार झालेल्या सेदेफकार मेहमेद आगाने १६०९ ते १६१६ या काळात बांधलेली प्रसिद्ध सुलतान अहमद मशीद याच धाटणीची आहे.

सुलेमानच्या स्वतःच्या मशिदीचे काम १५५० मध्ये सुरू झाले आणि १५५७ मध्ये संपले. गोल्डन हॉर्नच्या खाडीवरील टेकडीवर उभ्या असलेल्या सुलेमानियेचा घुमट सुमारे साडेसव्वीस मीटर व्यासाचा आणि ५३ मीटर उंचीचा आहे. येथे सिनान पुन्हा आयासोफियाच्या दोन अर्धघुमटांकडे वळला. परंतु हे अनुकरण नव्हते. आयासोफियात मधला भाग आणि बाजूचे भाग खांबांच्या रांगांनी तुटलेले आहेत. सिनानने बाजूच्या रांगा जवळजवळ नाहीशा करून सगळी जागा एकसंध केली. रेटा झेलणाऱ्या अवजड आधारभिंती त्याने अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर घेतल्या आणि त्यांच्यामध्ये सज्जे बसवून त्या डोळ्यांआड केल्या. जे ओझे जुन्या वास्तूच्या अंगावर उघडे दिसते, ते येथे वास्तूच्या अंगातच जिरून गेले आहे.

या बांधकामाच्या हिशेबाच्या वह्या सुदैवाने टिकल्या आणि इतिहासकार ओमेर लुत्फी बार्कान यांनी विसाव्या शतकात त्या प्रसिद्ध केल्या. कारागिरांची मजुरी, दगड, चुना आणि लोखंड यांचा खर्च त्यांत नोंदलेला आहे. नोंदींतील कारागिरांपैकी निम्म्याहून किंचित अधिक ख्रिस्ती होते आणि उरलेले मुसलमान. सक्तीच्या गुलामांचे प्रमाण अल्प होते. बहुसंख्य लोक मजुरी घेऊन काम करणारे स्वतंत्र कारागीर किंवा प्रशिक्षणाखालील जानिसारी तरुण होते. आतील चार प्रचंड ग्रॅनाइट स्तंभांची कथाही अशीच बोलकी आहे. सिनानच्या आठवणींनुसार त्यांपैकी एक अलेक्झांड्रियाहून, एक बालबेकहून आणि दोन इस्तंबूलमधूनच आणवले. जुन्या जगाचे अवशेष नव्या छताखाली भार वाहू लागले.

मोठ्या वास्तूंभोवती दंतकथाही जमतात. सिनान मशिदीच्या मध्यभागी हुक्का गुडगुडत बसला असता सुलतान रागावला, आणि आपण पाण्याच्या आवाजावरून नादाची परीक्षा घेत होतो असे सिनानने उत्तर दिले, ही कथा फार प्रसिद्ध आहे. पण तंबाखू इस्तंबूलमध्ये पोचली ती सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर, म्हणजे सिनानच्या मृत्यूनंतर. तेव्हा ही कथा गोड असली तरी खरी नव्हे. नादाची काळजी मात्र त्याने खरोखर घेतली होती. घुमटाच्या बांधणीत तोंडे उघडी ठेवलेली पोकळ मातीची भांडी बसवलेली आढळली आहेत.

मशीद हा या संकुलाचा केवळ मध्य होय. तिच्याभोवती मदरसे, वैद्यकशाळा, रुग्णालय, अन्नछत्र, प्रवाशांची निवासस्थाने, हमामखाना आणि लहान मुलांची शाळा अशी वसाहतच आहे. तिचा खर्च वक्फाच्या उत्पन्नातून चाले. आपल्याकडील देवस्थानांना लावून दिलेल्या इनाम जमिनींशी ही व्यवस्था ताडून पाहता येईल.

पाणी आणि पूल

सिनानचे मोठेपण घुमटांत शोधणाऱ्यांनी त्याचे पाणी विसरू नये. वाढत्या इस्तंबूलसाठी शहराबाहेरच्या अरण्यातून पाणी आणणारी 'कर्कचेश्मे' ही योजना त्याने १५५४ ते १५६३ या काळात उभारली. काम पुरे होते न होते तोच १५६३ च्या महापुरात तिचे जलसेतू उद्ध्वस्त झाले. सत्तरी ओलांडलेल्या सिनानने ते पुन्हा बांधले. सुमारे ३६ मीटर उंचीचा, दुमजली कमानींचा माउलोवा जलसेतू त्यांतील सर्वांत देखणा मानला जातो. पुराचे पाणी ज्या वेगाने आले त्याचा धडा त्याच्या पायांच्या निमुळत्या, भक्कम आकारात दिसतो.

पुलांतही तो तितकाच रमला. इस्तंबूलच्या पश्चिमेचा ब्युयुकचेकमेजे येथील चार भागांचा लांबलचक पूल १५६७ मध्ये पूर्ण झाला. त्यावर त्याने 'अब्दुल्लाचा पुत्र युसुफ' अशी आपली नाममुद्रा कोरली आहे. बोस्नियातील विशेग्राद येथे ड्रीना नदीवर वजीर सोकोल्लू मेहमेद पाशासाठी त्याने योजलेला अकरा कमानींचा पूल १५७७ मध्ये पुरा झाला. हा वजीरही देवशिर्मेतूनच आलेला, त्याच प्रदेशातील मुलगा होता. ग्रंथप्रेमी वाचकांना हा पूल वेगळ्या कारणाने माहीत असेल. १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे इव्हो आंद्रिच यांनी याच पुलाला नायकपद देऊन आपली विख्यात कादंबरी लिहिली. दोन्ही महायुद्धांत त्याच्या काही कमानी उडवल्या गेल्या, आणि दोन्ही वेळा तो पुन्हा सांधला गेला.

एदिर्नेचा घुमट

सुलेमाननंतर गादीवर आलेल्या दुसऱ्या सेलीमने आपल्या मशिदीसाठी राजधानीऐवजी एदिर्ने हे शहर निवडले. १५६८ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा सिनान ऐंशीच्या घरात होता. १५७१ मध्ये जिंकलेल्या सायप्रसची लूट या कामी आली. सेलीम स्वतः १५७४ च्या डिसेंबरात निवर्तला. मशीद लोकांसाठी खुली झाली ती त्यानंतर, १५७५ च्या वसंतात.

सेलिमियेत सिनानने आयासोफियाची चौकटच सोडून दिली. चार खांबांऐवजी आठ, तेही भिंतींच्या जवळ सरकवलेले. आणि मोठे अर्धघुमट जवळजवळ रद्द. सुमारे ३१ मीटर व्यासाचा एकच घुमट साऱ्या जागेवर पसरला आहे. दारात पाऊल ठेवताच संपूर्ण वास्तू एका दृष्टिक्षेपात कळते. भार खांबांनी उचलल्यामुळे भिंतींना खिडक्यांच्या रांगा पाडता आल्या आणि प्रकाश सर्व बाजूंनी आत आला. चारही कोपऱ्यांवर सुमारे सत्तर मीटर उंचीचे सडपातळ मीनार आहेत. त्यांतील दोन मीनारांत तीन स्वतंत्र जिने एकमेकांना न भेटता वर चढतात.

सिनानचा मित्र, कवी साई मुस्तफा चेलेबी याने त्याच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. आयासोफियासारखा घुमट मुसलमानांना बांधता येणार नाही, हे बोलणे आपल्या जिव्हारी लागले होते आणि सेलिमियेने आपण त्यास उत्तर दिले, असे सिनान त्यांत सांगतो. आपला घुमट रुंदीने आणि उंचीनेही मोठा आहे, असा त्याचा दावा आहे. आजच्या मोजमापांपुढे हा दावा पुरता टिकत नाही. व्यास दोन्हींचा जवळजवळ सारखाच आहे, आणि जमिनीपासूनच्या उंचीत आयासोफिया स्पष्टपणे वरचढ आहे. पण खरा विजय आकड्यांत नव्हताच. आयासोफियाचा घुमट भव्य असूनही त्याचे पाय सतत लटपटत राहिले. सेलिमियेत तेवढाच घुमट स्थिर, मोकळा आणि प्रकाशमान झाला. शेहजादे हे आपल्या उमेदवारीचे, सुलेमानिये कारागिरीचे आणि सेलिमिये उस्तादीचे काम, असे वर्गीकरण सिनानच्या नावावर सांगितले जाते. वयाच्या पन्नाशीनंतर केलेल्या कामाला उमेदवारी म्हणण्याइतका विनय फार थोड्यांना साधतो.

१५७३ हे वर्ष

सिनानच्या चरित्रातील सर्वांत अर्थपूर्ण वर्ष कोणते, असे विचारल्यास १५७३ हे उत्तर द्यावेसे वाटते. एदिर्ने येथे सेलिमियेचे काम ऐन भरात होते. त्याच वर्षी आयासोफियाच्या भिंती झुकल्याची आणि तिला लगटून घरे, गोदामे उठल्याची बाब सुलतानापुढे आली. दुरुस्तीचे काम सिनानकडे सोपवण्यात आले. त्याने अतिक्रमणे हटवून वास्तूभोवतीची जागा मोकळी केली आणि जुन्या आधारभिंती मजबूत केल्या. पश्चिमेकडील दोन भक्कम मीनारही त्याच्याच नावावर सांगितले जातात. जिला हरवण्यासाठी तो एका शहरात घुमट चढवीत होता, तिलाच वाचवण्यासाठी दुसऱ्या शहरात चुना आणि दगड पाठवीत होता.

याच सुमारास आणखी एक लहानसा हुकूम निघाला. नव्याने जिंकलेल्या सायप्रसमध्ये वसवण्यासाठी अनातोलियातील खेड्यांतून कुटुंबे सक्तीने हलवली जात होती. कायसेरीकडील आपल्या आप्तांना यातून वगळावे, अशी विनंती सिनानने केली आणि ती मान्य झाली. त्या हुकुमात आउर्नास गावाचे नाव आहे. साठ वर्षांपूर्वी ज्या राज्याने त्या गावातून एक मुलगा नेला, त्याच राज्याकडून त्या वृद्धाने आपल्या गावासाठी एवढे मागून घेतले.

आयासोफियाच्या दुरुस्तीकडे स्वामीच्या आज्ञेचे पालन एवढ्याच अर्थाने पाहता येईल. परंतु सिनानच्या सगळ्या कामाचा क्रम पाहता ते अपुरे वाटते. प्रत्येक मोठ्या घुमटाच्या वेळी त्याने आयासोफियाला नव्याने प्रश्न विचारला होता. तिचे दोष त्याच्याइतके कोणास ठाऊक नव्हते, म्हणून तिला आधार कोठे द्यावा हेही त्याच्याइतके कोणास कळले नसते. पूर्वसूरींशी प्रामाणिक स्पर्धा करणाऱ्यालाच त्यांचे मोल नेमके कळते. त्यांना न वाचता त्यांची आरती करणारा आणि त्यांना न वाचता त्यांना मोडीत काढणारा, हे दोघेही जतनाच्या कामास निरुपयोगी ठरतात.

वारसा

१५८८ मध्ये सिनान मरण पावला. सुलेमानियेच्या आवाराबाहेर, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्याची साधी समाधी आहे. सुलतानासाठी त्याने टेकडीचा माथा राखला आणि स्वतःसाठी रस्त्याचा कोपरा. मरणोत्तर त्यालाही स्वस्थता लाभली नाही. १९३५ मध्ये, वंशशास्त्राच्या भरात, त्याची कबर उघडून कवटीची मापे घेण्यात आली. तो कोणत्या वंशाचा, हे त्यांवरून सिद्ध करावयाचे होते. ज्याच्या हिशेबाच्या वह्यांत ग्रीक, आर्मेनियन आणि तुर्क कारागीर एकाच पानावर मजुरी घेतात, त्याच्या बाबतीत या खटाटोपाने काय साधले असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

आयासोफिया १९३४ च्या निर्णयाने संग्रहालय झाली आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली. तिच्या वापराविषयी जगभर मतभेद झाले आणि होत राहतील. परंतु मतभेद करण्यासाठी ती आज उभी आहे, याचे काही श्रेय १५७३ च्या त्या दुरुस्तीकडेही जाते.

सुलेमानियेविषयी एक शेवटची गोष्ट. मशिदीत जळणाऱ्या असंख्य दिव्यांची काजळी हवेच्या झोताने दाराच्या वरच्या एका दालनात गोळा व्हावी आणि तिच्यापासून लेखनासाठी शाई तयार करावी, अशी योजना सिनानने केली होती असे परंपरेने सांगतात. ज्या मदरशांच्या अंगणांत त्या काळी विद्यार्थी बसत, तेथे १९१८ पासून सुलेमानिये ग्रंथालय आहे. अरबी, फारसी आणि तुर्की हस्तलिखितांच्या जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी हा एक होय. जागोजागीच्या विखुरलेल्या पोथ्या तेथे आणल्या, वाळवी आणि ओल यांपासून वाचवल्या आणि वाचकांसाठी खुल्या केल्या.

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने दूरदेशीच्या एका स्थपतीचे स्मरण करण्याचे औचित्य याहून वेगळे सांगावयास नको. जुन्या ग्रंथाची शिवण उसवली तर ती पुन्हा घालणे आणि त्याच ग्रंथाशी वाद घालणारे नवे पुस्तक शेजारच्या फळीवर ठेवणे, ही दोन्ही कामे ग्रंथालयाने शंभर वर्षे केलेली आहेत. सिनानने तीच दगडात केली.